वाहणाऱ्याचे ऋण

आघाडा ठाऊक नाही असा मराठी मनुष्य विरळा. श्रावणात जिवतीला दूर्वांबरोबर तो वाहतात आणि गणपतीच्या पत्रीतही त्याला मान असतो. पण हाच आघाडा दिवाळीच्या सुमारास वाळला म्हणजे त्याचा दुसरा स्वभाव कळतो. बांधावरून जाताना त्याचा तुरा नुसता घासला, तरी टोकदार दाण्यांची रांगच्या रांग सदऱ्याला येऊन बसते. त्यात कुसळांची भर पडते, आणि वहाणेच्या तळाशी दोन-चार सराटे रुतलेले असतात ते वेगळेच. अशा अवस्थेत घरी आलो की आई मला ओसरीच्या पायरीवर बसवी आणि एकेक दाणा उपटून काढी. "कुठे भटकून आलास ते तुला विचारीत नाही," ती म्हणे, "तुझ्या कपड्यांनाच विचारते." त्या वयात हा मला केवळ विनोद वाटे. आपल्या अंगाला चिकटून जे येते ते आपल्या वाटेची साक्ष देते, आणि ती साक्ष पुष्कळदा पाठीवर असल्यामुळे आपल्याखेरीज इतर सर्वांना दिसते, हे उमगण्यास फार वर्षे जावी लागली.

पुढे नोकरीने महाराष्ट्राबाहेर नेले. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा नोकरदार मंडळींचे आयुष्य बदल्यांच्या हुकुमांनी मोजले जाते. अमुक साली कोठे होतो हे आठवावयाचे, तर आधी कोणत्या घरात कोणते कपाट कोणत्या भिंतीला होते ते आठवावे लागते. अशाच एका हुकुमाने काही वर्षांपूर्वी मला सिमल्यास आणून सोडले. तेथे पुष्कळ घरांच्या दारापर्यंत मोटार जात नाही. ती खालच्या रस्त्यावर थांबते आणि तेथून वर सगळे सामान माणसाच्या पाठीवरून जाते. हे हमाल बहुतेक काश्मिरातून आलेले असतात. पाठीवर लोखंडी कपाट दोराने आवळून, कमरेत वाकून, एकेक पायरी चढणारा असा मनुष्य ज्याने पाहिला असेल त्याला त्याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही, आणि ज्याने पाहिला नसेल त्याला ते खरे वाटणार नाही.

माझे सामान एका प्रौढ हमालाने पाच खेपांत वर आणले. नऊशे रुपये ठरले होते. त्याने मागितले होते अधिक, मी घासाघीस करून तेथवर आणले होते. शेवटच्या खेपेस पाऊस आला, पायरी निसरडी झाली, आणि पुस्तकांच्या एका पेटीचा कोपरा कठड्यावर आपटून फुटला. आत दोन-तीन पुस्तके ओली झाली. मी ठरलेल्या रकमेतून शंभर रुपये कापून घेतले. तो काही बोलला नाही. त्याने नोटा मोजल्या, दोर गुंडाळून खांद्यावर टाकला आणि तो उतरून गेला. त्या पेटीत ज्ञानेश्वरी होती, तुकोबांची गाथा होती. माणुसकीचे एवढे भांडार एका माणसाच्या पाठीवर लादून मी वर आणविले आणि त्याच माणसाच्या मजुरीला कात्री लावली, यातील विसंगती त्या दिवशी मला जाणवली नाही. उलट परक्या गावात आपण फसलो नाही याचे थोडेसे समाधानच वाटले.

ही विसंगती मला दाखवून दिली ती एका झाडाने.

आश्विन सरता सरता देवदारांची दाटी सोडून एका पडीक उतारावरून मी फिरून येत होतो. वाटेकडेला पुरुषभर उंचीची, फांद्या पसरलेली, पार वाळून गेलेली काही झाडे उभी होती. प्रत्येक फांदीच्या टोकाला बोराएवढी तपकिरी बोंडे होती. त्यांच्या मधून वाट काढली आणि घरी येऊन पाहतो तो लोकरी कोटाच्या बाह्या, खिसे आणि काठ त्या बोंडांनी भरून गेलेले. आघाड्याचे दाणे यापुढे काहीच नव्हेत. एक बोंड ओढावे तर ते बोटांना धरी, बोटांवरून सोडवावे तर पुन्हा बाहीला जडे. या झाडाला इंग्रजीत बर्डॉक म्हणतात. शास्त्रज्ञांनी दिलेले नाव आर्क्टियम लॅप्पा. त्यातील पहिला शब्द अस्वलावाचक ग्रीक शब्दावरून आलेला, आणि बोंडाचा राठ केसाळपणा पाहिला की तो समर्पक वाटतो. हिमाचलाच्या काही भागांत त्याला 'जंगली कुठ' म्हणतात. युरोप आणि आशियाच्या थंड प्रदेशांतील हे झाड आपल्या देशात काश्मीरपासून सिमल्यापर्यंतच्या पश्चिम हिमालयात आढळते. मराठीत त्याला नाव नाही, कारण आपल्या मुलखात ते येत नाही. थंडीवाचून त्याचे पान हलत नाही म्हटले तरी चालेल.

या झाडाचा जीवनक्रम विचार करण्याजोगा आहे. पहिल्या वर्षी ते वर येतच नाही. जमिनीलगत मोठमोठ्या पानांचा एक चक्राकार घेर तेवढा पसरतो. पाने हृदयाच्या आकाराची, हातभर लांबीची, खालून पांढुरकी लवदार. शेजारच्या बारीक झुडपांवर ती आपली सावली धरतात. पण खरे काम चाललेले असते ते खाली. एक सरळ सोटमूळ दोन-तीन फूट खोल जाते आणि उन्हाळाभर पानांनी कमावलेले सारे इन्युलिन नावाच्या पिठूळ द्रव्याच्या रूपाने त्यात साठत राहते. हिवाळ्यात पाने झडतात, बर्फ पडते, वर काही उरत नाही. मूळ मात्र जिवंत असते. थंडीचा हा वनवास भोगल्यानंतर पुढील वसंतात त्याच मुळातून दांडा उठतो, मनुष्याहून उंच जातो, आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात त्यावर जांभळी फुले येतात. झेंडू आणि शेवंती ज्या कुळातल्या त्याच कुळातले हे फूल. बी धरले की मुळातील ठेव संपते आणि सबंध झाड मरते. त्याला आयुष्यात एकदाच फुलावयाचे असते.

ग्रंथांत याला द्विवर्षायू म्हणतात. पण हा हिशेब सर्वस्वी पंचांगाचा नाही. माती निकस असेल, सावली दाट असेल आणि मूळ पुरेसे पोसले नसेल, तर दुसऱ्या वर्षी हे झाड फुलत नाही. आणखी एक वर्ष, कधी त्याहूनही अधिक, ते पानांच्या घेरातच राहते. फुलावयाचे केव्हा हे वयावरून ठरत नसून साठ्यावरून ठरते. आपल्याकडे सेवाज्येष्ठता आणि योग्यता यांचा जो वाद कचेऱ्यांतून चालतो तो या झाडाने आपल्यापुरता निकालात काढला आहे असे एखाद्यास विनोदाने म्हणता येईल.

मेल्यानंतर मात्र त्याचे एक काम शिल्लक असते. वाळका सांगाडा बर्फापर्यंत, कित्येकदा बर्फातही, उभाच राहतो. बोंडाभोवतीच्या प्रत्येक बारीक छदाचे टोक आकड्यासारखे वळलेले असते. उंच कुरणांतून खाली उतरणारी मेंढरे, एखादा कुत्रा, एखादे गुरू, एखादा लोकरी कोट घातलेला सरकारी नोकर, जो कोणी जवळून जाईल त्याच्या अंगावर ते बोंड चढते आणि मैलभर पुढे, जेथे तो मनुष्य किंवा ते जनावर वैतागून ते ओरबाडून टाकील तेथे, फुटून त्याच्या बिया सांडतात. ज्या झाडाने आपले मूळ जमिनीत एवढे खोल घातले की ते उपटता उपटत नाही, त्याची संतती दुसऱ्याच्या पाठीवरून देशान्तर करते. युरोपातून निघालेल्या वसाहतवाल्यांबरोबर ते अमेरिकेसही गेले आणि तेथे आता घरच्यासारखे नांदत आहे.

येथवर हे वनस्पतिशास्त्र झाले. माझ्या मनात जो प्रश्न उभा राहिला तो निराळा होता. बी दूर जावे ही प्रत्येक झाडाची निकड आहे, आणि ती भागविण्याच्या रीती अनेक आहेत. सावर आपल्या बियांना कापूस देते आणि वाऱ्यावर सोडते. वारा कोणाचा नोकर नव्हे. वडाचे फळ पक्षी खातो, गर पचवितो, आणि बी कोठल्या तरी भिंतीच्या फटीत टाकून जातो. येथे पक्षी राबला, पण त्याला गर मिळाला. काम झाले, दाम पोचले. आता या बोंडाकडे पाहावे. त्यात वाहणाऱ्यासाठी काही नाही. गर नाही, वास नाही, रंग नाही. वाहणाऱ्याला ते विचारीत नाही, त्याला काही देत नाही, आणि लोकरीत गुंतून तिची किंमत उतरविते ते वेगळेच. वडाची रीत मजुरीची म्हटली तर या झाडाची रीत वेठीची आहे.

वेठ हा शब्द येथे सहज सुचला नाही. त्या डोंगरानेच तो सुचविला. १८६४ पासून सिमला ही इंग्रज सरकारची उन्हाळ्यातील राजधानी झाली. कालका ते सिमला हा शहाण्णव किलोमीटरांचा लोहमार्ग खुला झाला तो १९०३ साली. तोवर सबंध राज्यकारभार दर वर्षी बैलगाड्यांतून, टांग्यांतून आणि माणसांच्या पाठीवरून डोंगर चढे आणि उतरे. आसपासच्या पहाडी मुलखात बेगार नावाची प्रथा होती. दौऱ्यावरील साहेबाचा तंबू, त्याच्या मडमेची पेटी, शिकारीचे सामान हे सारे गावच्या माणसांनी आपले शेत सोडून वाहून न्यावयाचे, आणि नाही म्हणण्याची सोय नाही. कोटगढच्या बाजूस स्थायिक झालेले सॅम्युएल स्टोक्स हे अमेरिकन गृहस्थ सफरचंदांसाठी प्रसिद्ध आहेत. पुढे १९३२ साली त्यांनी हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद हे नाव घेतले. परंतु त्या डोंगरावर त्यांचे खरे उपकार आहेत ते या बेगारीविरुद्ध १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी उभ्या केलेल्या आंदोलनाचे.

आपल्या महाराष्ट्राने या बाबतीत दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. वेठ आणि वेठबिगार हे आपल्या भाषेतील जुने, रुळलेले शब्द आहेत. ज्या भाषेत शब्द रुळतो त्या समाजात ती गोष्ट रुळलेली असते. महार वतनाच्या नावाखाली एका सबंध समाजाकडून गावाने आणि सरकारने अहोरात्र कामे करवून घेतली. त्याविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. ही वतने कायद्याने जाण्यास १९५८ साल उजाडावे लागले. तोपर्यंत राज्यघटना अमलात आली होती आणि तिच्या तेविसाव्या अनुच्छेदात बेगार हा आपला देशी शब्दच नाव घेऊन निषिद्ध ठरविला गेला होता.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की झाडावरून नीतीचा पाठ काढणे मुळातच चूक आहे. झाडाला इच्छा नाही, निवड नाही. मग दोष कसला? आक्षेप अगदी योग्य आहे, आणि तो मी पूर्णपणे मान्य करतो. सृष्टीत अमुक घडते म्हणून माणसाने अमुक करावे, हा तर्क टिकणारा नाही. ह्यूमने अठराव्या शतकातच त्यातील फट दाखवून दिली आहे. बर्डॉक निर्दोष आहे. आकडा त्याने वळविला नाही, तो वळत गेला. ज्या झाडांचे आकडे वळलेले होते त्यांची संतती टिकली, एवढेच.

पण हा आक्षेप मान्य केल्यावरच माझा मुद्दा सुरू होतो. वेठ घेणारा मनुष्य आपल्या समर्थनार्थ काय सांगतो ते आठवून पाहावे. "पद्धतच तशी आहे." "दर तोच चालतो." "सगळेच असे करतात." "मी नाही घेतले तर दुसरा घेईल." या प्रत्येक वाक्यात तो स्वतःला झाड करून घेत असतो. आकडा मी वळविला नाही, तो आधीच वळलेला होता, असे तो म्हणत असतो. निवड नसलेल्याचे निर्दोषत्व त्याला हवे असते, आणि निवड असलेल्याची सोयही हवी असते. झाडापाशी पहिली गोष्ट आहे, दुसरी नाही. माणसापाशी दुसरी आहे, म्हणून पहिली असू शकत नाही. माझ्या मते मनुष्याच्या पुष्कळशा अपराधांचे मूळ दुष्टपणात नसून या वनस्पती होण्याच्या हौसेत आहे.

या बोंडाची आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १९४१ साली जॉर्ज द मेस्ट्राल हा स्विस इंजिनियर कुत्र्याला घेऊन डोंगरात फिरावयास गेला आणि कुत्र्याच्या केसांत अडकलेली ही बोंडे घेऊन परतला. त्याने ते आकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यातून पुढे वेल्क्रो नावाची पट्टी निघाली. १९५५ साली तिचे पेटंट झाले, आणि आज मुलांच्या बुटांपासून दवाखान्यातील रक्तदाबाच्या पट्ट्यापर्यंत ती सर्वत्र आहे. ही पट्टी ज्याने निरखून पाहिली असेल त्याला माहीत असेल की तिच्या एका बाजूस आकडे असतात आणि दुसऱ्या बाजूस मऊ फासे. आकड्याला आकडा धरीत नाही. गुळगुळीत कापडालाही तो धरीत नाही. रेनकोट घातलेल्या माणसाला हे झाड काही करू शकत नाही. त्याला मऊपणा लागतो.

समाजातील ओझ्यांची वाटणीही याच नियमाने होते असे मला वारंवार दिसले आहे. कचेरीत ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याच टेबलावर सर्वांच्या फायली साठतात. कुटुंबात जी सून किंवा जो भाऊ मऊ असेल त्याच्याच अंगाला म्हाताऱ्यांची दुखणी, पाहुण्यांची उस्तवार आणि लग्नकार्यांचे कर्ज चिकटते. गुळगुळीत माणसे त्याच वाटेने जातात आणि कोरडी सुटतात. आपण मात्र ओझे वाहणाऱ्याच्या चांगुलपणाचे कौतुक करतो आणि ते कौतुक म्हणजेच त्याची मजुरी असे धरून चालतो. मऊपणा हा सद्‌गुण खरा, पण दुसऱ्याच्या सद्‌गुणावर आपली सोय टांगण्याचा हक्क त्याने आपल्याला कधी दिलेला नसतो.

आणि कधी कधी वाहणारा फार लहान असतो. उत्तर अमेरिकेत या बोंडांच्या घोसांत अडकून चिमुकले पक्षी आणि वटवाघळे मरून पडल्याची उदाहरणे पक्षिनिरीक्षकांनी अनेकदा नोंदविली आहेत. बोंड वाहून नेण्याइतके बळ त्या जिवांत नाही आणि सुटून जाण्याइतकेही नाही. त्यांच्या मरणाने झाडाला काडीचा लाभ होत नाही. बी जागच्या जागी राहते. वेठीचा हा शेवटचा टप्पा समजावा. वाहणारा मेला, ओझेही पोचले नाही, आणि कोणाला त्याची खबरही नाही.

मग मजुरी दिली म्हणजे संपले काय? वडाने पक्ष्याला गर दिला, मी हमालाला आठशे रुपये दिले. हिशेब चुकता झाला असे का म्हणू नये? या प्रश्नावर मी बराच काळ घुटमळलो. अखेर मला एका न्यायनिवाड्याने उत्तर दिले. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांसंबंधी १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. किमान वेतनाहून कमी मजुरीवर जो मनुष्य राबतो तो राजीखुशीने राबतो असे दिसले, तरी भूक आणि गरज यांची सक्ती ही सक्तीच होय, आणि म्हणून असे श्रम तेविसाव्या अनुच्छेदातील सक्तीच्या श्रमांत मोडतात, असा त्याचा आशय आहे. चाबूक दिसत नाही म्हणून वेठ नाही असे नव्हे. माझी घासाघीस या निवाड्याच्या चौकटीत बसते की नाही हे वकिलांनी सांगावे. पण पावसात, चार खेपा झाल्यावर, दोर पाठीवर असताना त्या मनुष्याला माझ्याशी वाद घालण्याचे स्वातंत्र्य कितपत होते, हे सांगण्यास वकील नको. पुस्तके वाळली, एक पान तेवढे थोडे सुरकुतले. शंभर रुपये मात्र माझ्या खिशात राहिले.

आपल्या प्राचीनांनी या बाबतीत एक फार खोल कल्पना मांडून ठेवली आहे. मनुष्य जन्मतःच ऋणी असतो असे ते म्हणत. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे सर्वांच्या परिचयाची आहेत. शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीला चौथे सांगितले आहे, ते मनुष्यांचे ऋण. या चौथ्याची आठवण आपण मागे टाकली, हे मला सूचक वाटते. देवांचे ऋण पूजेने, ऋषींचे अध्ययनाने, पितरांचे संततीने फिटते. ही तिन्ही आपापल्या घरात बसून फेडता येतात. माणसांचे ऋण फेडावयाचे तर दाराबाहेर जावे लागते, आणि ज्याचे देणे आहे त्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. किंमत आणि ऋण यांत भेद आहे तो हाच. किंमत दिली की देणारा आणि घेणारा एकमेकांना विसरण्यास मोकळे होतात. ऋणात तशी मोकळीक नाही. मजुरी पुरी देणे ही ऋणाची फेड नव्हे. ती फक्त अपराधातून सुटका आहे. ऋण त्यानंतर सुरू होते.

महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या आपणा सर्वांवर हे ऋण जास्तच आहे असे मला वाटते. आपण जेथे जातो तेथे कोणाच्या तरी पाठीवरून जातो. केवळ सामानापुरते हे खरे नाही. नव्या गावात बाजार दाखविणारा शिपाई, आपली मोडकी हिंदी किंवा त्याहूनही मोडकी स्थानिक बोली हसू न दाबता ऐकून घेणारी शेजारीण, मुलाला शाळेत घेऊन जाणारा शेजारचा मुलगा, आजारपणात रात्री गरम पाणी आणून देणारी माणसे. यांनी आपले बी त्या त्या मातीत पोचविले. तीन वर्षांनी आपण निघतो. निरोपसमारंभात साहेबांविषयी भाषणे होतात, हार पडतात. ज्यांच्या पाठीवरून आपण आलो ती माणसे बहुधा मागच्या रांगेत उभी असतात, किंवा चहाचे पेले विसळीत असतात. आपण मराठी मंडळ स्थापतो, गणेशोत्सव करतो, आपली भाषा आणि आपले सण जपतो, आणि ते योग्यच आहे. पण ज्या गावाने हे सर्व करण्यास जागा दिली त्या गावातील दहा माणसांची नावे तरी निघताना आपल्याला सांगता येतात काय?

यावर पुष्कळांचे एक ठरलेले उत्तर असते, आणि माझेही ते होते. "सध्या सवड नाही. निवृत्त झालो की समाजासाठी काही तरी करावयाचे आहे." येथे मला हे झाड पुन्हा आठवते. जपानात त्याची रीतसर शेती होते. तेथे त्याला गोबो म्हणतात. भुसभुशीत खोल मातीत ते पेरतात आणि त्याचे लांबलचक मूळ खणून काढून भाजी करतात. बारीक चिरून, तेलावर परतून, सोया आणि साखर घालून केलेली त्याची किन्पिरा नावाची भाजी तेथे घरोघरी असते. मात्र ते मूळ काढावयाचे ते दांडा वर येण्यापूर्वी. एकदा झाड फुलोऱ्यावर आले की मूळ लाकडासारखे होते; त्यातील सत्त्व दांड्याने आणि फुलांनी ओढून घेतलेले असते. वरून झाड तेव्हा सर्वांत भव्य दिसते, पण देण्यासारखे त्याच्यापाशी काही उरलेले नसते. आपला चांगुलपणा सेवानिवृत्तीच्या तारखेवर ठेवणाऱ्या मनुष्याची स्थिती फारशी निराळी नसावी. जे द्यावयाचे ते मूळ कोवळे आहे तोवर, आणि कोणी तरी खोल खणण्याचे श्रम घेतले तरच, निघते. तो खणणारा बहुधा आपल्यालाच व्हावे लागते.

पण याच झाडाने दुसरी बाजूही दाखविली आहे, आणि तिचा उल्लेख न करणे अन्याय होईल. ज्याचे मूळ पोसलेले नाही ते फुलण्याची घाई करीत नाही. ऋण फेडण्याच्या आवेशात ओळख होण्यापूर्वीच उपकार करू पाहणारी माणसेही मी पाहिली आहेत. त्यांना नाव नको असते, गाव नको असते. दिल्याचे समाधान तेवढे हवे असते. तेही एक प्रकारचे बोंडच. ते दुसऱ्याच्या पाठीवर आपल्या पुण्याचे बी लादते. तेव्हा थांबावे केव्हा आणि द्यावे केव्हा याचा नियम मला सांगता येणार नाही. वयावरून ते ठरत नाही, एवढेच या झाडावरून म्हणता येते. माणसाला माणसाची ओळख किती खोल गेली आहे यावरून ते ठरत असावे.

आता उरलेली हकीकत सांगून संपवितो. कोटाच्या पुढच्या बाजूची बोंडे मी घरी बसून काढली होती. दुसऱ्या दिवशी तोच कोट घालून बाजारात जात असता खालच्या रस्त्यावर दोर खांद्यावर टाकून बसलेल्या हमालांपैकी एकाने मला थांबविले. माझ्या पाठीकडे बोट दाखवून तो उठला आणि माझ्या पाठीवर जेथे माझा हात पोचत नव्हता आणि माझी दृष्टी तर नव्हतीच, तेथली सहा-सात बोंडे त्याने सावकाश, लोकर न ओढता काढली. तो वळला तेव्हा मी त्याला ओळखले. माझी पेटी ज्याच्या हातून आपटली होती तोच हा मनुष्य.

मी पाकिटातून शंभर रुपये काढले. त्याने मान हलविली. या कामाचे पैसे तो घेणार नव्हता. मग मी माझ्या अडखळत्या हिंदीत त्याला सांगितले की हे या कामाचे नव्हेत. श्रावणात माझे सामान त्याने चढविले होते, एक पेटी फुटली होती, आणि मी त्याचे शंभर रुपये कापून घेतले होते. तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याने आठवण्याचा खरोखर प्रयत्न केला. "कौन-सी पेटी, साहब?" त्याने विचारले.

त्याला काही आठवत नव्हते. क्षमा मागण्याची जी लहानशी तयारी मी मनात केली होती ती तेथेच निरुपयोगी झाली. त्याने विसरावे इतकी ती गोष्ट त्याच्या आयुष्यात सामान्य होती. कापून घेणारा मी एकटा नव्हतो, आणि ज्या गोष्टी रोज घडतात त्या कोण लक्षात ठेवतो? माझ्या मनात जी बोचत होती ती घटना त्याच्या दृष्टीने घटनाच नव्हती. मी आग्रह केला तेव्हा त्याने ती नोट घेतली, चार घड्या करून फेरनच्या खिशात ठेवली, आणि मी त्याचे नाव विचारले तेव्हा ते सांगितले. ते मी येथे लिहीत नाही. ते लक्षात ठेवणे एवढेच माझ्या हाती आहे.

कोट अजून आहे. त्याच्या अस्तराच्या शिवणीत एक बारीक आकडा मोडून राहिला आहे आणि थंडीत तो मानेला टोचतो. पाठीवर जे उरले असेल ते अर्थातच मला दिसत नाही.